फणसाच्या फळीची गिटार

पांडुरंग मेस्ताने बसवलेलं दार कधी करकरत नाही, अशी आमच्या कोरगावात त्याची ख्याती. सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात. दारं, खिडक्या, देवळाची पालखी, जन्मभर त्याने हेच केलं. म्हणून सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत सेजल मला म्हणाली, "मास्तर, मेस्तमामांकडून एक गिटार करून घ्यायची आहे, तुम्ही बरोबर चला," तेव्हा मी आधी तिला बसवलं आणि पाणी दिलं.

सेजल माझी जुनी विद्यार्थिनी. ती मयेच्या प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घेत होती आणि रविवारी घरी येत होती. जूनमध्ये पहिलीत येणारी पोरं किती रडतात ते मला कुणी सांगायला नको.

"मी पेटी घेऊन बसते तोवर दोघं-तिघं दारातून पळालेली असतात," ती म्हणाली. "उभं राहून, त्यांच्यात फिरत वाजवता येईल असं काहीतरी पाहिजे."

गिटार ती वर्षभर डिचोलीत एका बाईंकडे शिकत होती. अडचण अशी की ती डावखुरी, आणि चणीने लहान. म्हापशाच्या दुकानातल्या सगळ्या गिटारी उजव्या हाताच्या आणि तिच्या अंगापेक्षा मोठ्या. दुकानदाराने सल्ला दिला, हात बदला.

"एकदा बदलला होता," सेजल म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. "आता नाही बदलणार."

पहिलीत तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देणारा मीच. मी चपला घातल्या.

मेस्ताने सगळं ऐकून घेतलं आणि रंधा खाली ठेवला. "बाये, माका दार सांग, खिडकी सांग. गिटार माका काय कळता?"

"दार वाजत नाही, मामा."

"माझां वाजत नाय, म्हणान तर लोक येतत."

"म्हणूनच आले. आवाज होऊ नये म्हणून जो जन्मभर झटला, त्याला आवाज कुठून येतो ते ठाऊक असणारच."

मेस्त माझ्याकडे वळला. "मास्तर, हिका बोलूक तुम्हीच शिकयलास?" पण तो खूश झाला होता. त्याने सुतळी घेऊन तिच्या बोटांचं, कोपराचं, खांद्याचं माप घेतलं, प्रत्येक मापाला एक गाठ मारली आणि सांगितलं, "शाळा उघडायच्या आधी देतंय. माझो शब्द."

नमुन्यासाठी त्याने म्हापशाच्या बाजारातून एक मोडकी गिटार आणली आणि ती फणसासारखी उकलून बसला. वरचा तक्ता पाहून त्याला हसू आवरेना. "बघा, मास्तर, नखाएवढो पातळ. मोडतली नाय तर काय जातला?" पातळ फळी म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, हे त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी शिकवलेलं. त्याने माळ्यावरून फणसाची एक फळी काढली. वीस वर्षं सुकलेली, मधासारख्या रंगाची. ती मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली आणि जाडच ठेवून जोडली. बाजूच्या पट्ट्यांसाठी लोखंडी पाइपात निखारे भरून त्यावर ओलं लाकूड हळूहळू वाकवलं. दोन पट्ट्या मोडल्या, तिसरी वाकली, तेव्हा त्याने शेजारच्यांना हाक मारून दाखवली.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गिटारीला तारा लागल्या. शाळा उघडायला आठ दिवस होते. सेजल सुट्टीत घरीच होती. अंगणात आम्ही चौघं: ती, मी, मेस्त आणि दारात त्याची बायको शेवंती. गिटार दिसायला देखणी. सेजलच्या कुशीत अशी बसली की मला वाटलं, झालं काम.

तिने तारा छेडल्या. बंद दारावर कुणी बोटाने टकटक करावी तसा आवाज आला आणि तिथेच संपला. तिने पुन्हा छेडल्या. पुन्हा टकटक.

"राज्य जालां," मेस्त हळूच म्हणाला, "पण हिच्या तोंडातसून शब्द नाय."

शेवंती पुढे आली. परसातले फणस ती बोटाच्या पेराने ठोकून ओळखते. अख्खा वाडा तिला बोलावतो, आणि ती पिकला म्हणाली की तो पिकलेलाच असतो. तिने गिटारीच्या पोटावर दोन ठिकाणी ठोकलं, कान लावला. "ही अजून कोवळी."

"गो, तो फणस न्हय."

"मग लाकूड खंयचां?"

मेस्ताने तक्त्यावरून हात फिरवला. मग मी माझ्या जुन्या सवयीने समजावून सांगितलं. तार बारीक, तिची ताकद थोडी. तक्ता जाड असला तर तिला तो हलवता येत नाही. तक्ता हलला नाही तर पोटातली हवा हलत नाही, आणि हवा हलल्याशिवाय आवाज कसा येणार?

"म्हणजे ह्यां दार हलूकच होयां?"

"हो."

"बापाशीन सगळां उलटां शिकयल्यान." तो खाली बसला. "बाये, वरसून तासलंय आणि फुटली तर? तशी दुसरी फळी नाय, आणि आठ दिवसांत दुसरी गिटार होवची नाय."

सेजलने तारांवर हात ठेवला. "फुटली तर रडणाऱ्यांत मीही जाऊन बसेन, मामा. पण मुकी घेऊन जाणार नाही. तासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तारा उतरवल्या, तारांखालची पट्टी गरम सुरीने सोडवली आणि रंधा लावला. पहिला पापुद्रा निघाला, तो त्याने उजेडाला धरून बघितला. शेवंतीने ठोकलं. "कोवळी." आणखी पापुद्रे. "कोवळी." मधल्या भोकाच्या कडेवर तक्ता किती उरला ते दिसत होतं. मेस्त तिकडे बघायचा आणि डोळे मिटायचा. तिसऱ्या दिवशी रंधा ठेवून त्याने पोलादी पातं घेतलं. आता भुगा पिठासारखा पडत होता. चौथ्या दिवशी दुपारी शेवंतीने ठोकलं तसा आतून कुणी हुंकार दिल्यासारखं झालं. मलासुद्धा ऐकू आलं.

"पिकली. पुरे," ती म्हणाली.

"रव गो, ह्या कोपऱ्यात इल्लां जाड आसा."

"पुरे म्हटलां ना."

"एकच हात." त्याला आता पातळ करण्याची गोडी लागली होती. शेवंतीने पातं त्याच्या हातातून काढलं, पदरात गुंडाळून कमरेला खोचलं आणि भात वाढायला निघून गेली.

पट्टी पुन्हा चिकटवली, सरस सुकायला दोन दिवस गेले. तारा चढल्या. सेजलने छेडलं आणि आवाज अंगणभर पसरून कुंपणापर्यंत गेला. मेस्त आत जाऊन तोंड धुऊन आला.

शाळेच्या पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "मास्तर, मयेक माझां थोडां काम आसा." काम कसलं ते मी विचारलं नाही. दोन बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा पहिलीच्या वर्गात रडारड चालली होती. खिडकीतून पाहिलं. सेजल उभी राहून वाजवत फिरत होती. पहिल्या गाण्याला कुणी दाद दिली नाही. दुसऱ्या गाण्याला दोन वेण्यांची एक मुलगी हुंदके देत देत उठली आणि तिने आपला तळवा गिटारीच्या पोटावर ठेवला. आत काहीतरी गुणगुणतंय हे तिच्या हाताला कळलं असावं. ती रडायची थांबली. मग दुसरा आला, तिसरा आला. बघता बघता आठ-दहा तळवे तक्त्याला चिकटले, आवाज पार दबला, सेजल हसायला लागली. कोपऱ्यात दोघं अजून रडत होते, पण मान वर करून.

मेस्ताने माझा दंड घट्ट धरला. "मास्तर, पोरां तक्त्यार जोर देतत."

"देऊ दे."

"तो किती पातळ आसा ता तेंका खबर नाय."

"तुला आहे ना?"

"माका आसा," तो म्हणाला, आणि घंटा होईपर्यंत खिडकीपासून हलला नाही.