भिंतीपलीकडचा ताग

मी तागाच्या गासड्यांत चिणला गेलो तो एकदा मान डोलावल्यामुळे. खोटं सांगत असेन तर ही दाढी झडो. ती एवढी का वाढली, तेही ओघात येईलच.

आमच्या खात्याचं काम एकच. आपल्या देशात दरसाल ताग किती आणि शेजारच्या देशात किती, याचा तक्ता करायचा. पंचवीस वर्षांचे आकडे मी एकहाती मांडलेत. गोदामाची मागची भिंत हीच सरहद्द. पलीकडे त्यांचं गोदाम, त्यांचा कारकून, त्यांचा तक्ता. नियम मात्र दोन्हीकडे एकच: मोजलेली गासडी तुलनेवर सही होईपर्यंत जागची हलवायची नाही.

त्या वर्षी पीक असं आलं की गोदामात मुंगीसुद्धा अंग चोरून चालायची. मी मागच्या भिंतीला टेकून बेरीज करत होतो. हातचे सात, तोंडात पेन्सिल. हमालांचा मुकादम म्हणाला, "साहेब, तुमच्या पुढ्यात लावू का थोड्या?" बोललो असतो तर हातचे सात गेले असते. मी मान डोलावली. बेरीज संपवून वर बघतो तर दारापर्यंत गासड्याच गासड्या, आणि प्रत्येकीवर मोजल्याचा शिक्का.

"अरे, मला काढा," मी ओरडलो.

"सही झाली की लगेच," गासड्यांपलीकडून मुकादम म्हणाला. "नियमाची पाटी तुम्हीच लिहिलीय साहेब. अक्षर सुरेख आहे."

संध्याकाळी बायको आली. "अहो, आत काय करताय?"

"मोजतोय."

"लेकीला नववा लागलाय. महिनाअखेरीला तिच्याकडे जायचंय. आहे ना लक्षात?"

"सही झाली की निघालोच."

"लग्नाच्या दिवशीही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली, आणि बांबूला बांधून डबा आत सरकवला. फट इतकी अरुंद, की तिकडून गोल निघालेला डबा माझ्यापाशी चपटा पोचला.

सहीसाठी शेजाऱ्यांचा आकडा हवा. मागच्या भिंतीत, डोक्याच्या वर, विटेएवढा झरोका होता. हाक मारली तर उत्तर अगदी कानाशी आलं. त्यांचा कारकूनही चिणलेलाच.

"तुमचा आकडा सांगा," मी म्हणालो.

"आधी तुमचा. तुम्ही वयानं मोठे."

"कशावरून?"

"खोकल्यावरून."

आकडा आधी फुटला की दुसरा त्यात एक मिळवून मोकळा, हे दोघांनाही ठाऊक. आणि ज्याचा देश कमी, त्या कारकुनाची खैर नाही. तीन आठवडे आम्ही एकमेकांची तब्येत विचारत राहिलो. तेवढ्यात एकदा तपासनीस येऊन गेला. त्यानं फटीत हात घातला, तिथवर वाढलेली माझी दाढी चाचपली आणि नोंद केली: 'कच्चा ताग, अर्धा किलो, मध्यम प्रत.' मी हरकत घेतली ती फक्त 'मध्यम'ला.

शेवटी ठरलं, तीन म्हणताच दोघांनी एकदम बोलायचं. बोललो. आकडा एकच निघाला, शेवटच्या गासडीपर्यंत. तक्त्यात रकाने दोनच, 'जास्त' आणि 'कमी'. 'सारखा' असा रकाना कुणी आखलाच नव्हता.

"मी कमी होतो," मी म्हणालो.

"हसतील हो तुम्हाला."

"हसू देत. माझी लेक बाळंत होतेय."

एक गासडी फोडली आणि मूठमूठ करून एकशे ऐंशी किलो ताग झरोक्यातून पलीकडे ढकलला. चार दिवस लागले. "मला नाक तरी उघडं ठेवा," तो तिकडून म्हणत होता.

सही केलेला तक्ता बांबूवरून बाहेर गेला. गासड्या ओढायचा मुकादमाचा लोखंडी आकडा पहिल्या रांगेत रुतल्याचा आवाज मी ऐकला. सनईनंही इतकं बरं वाटलं नसतं. तीन रांगा हलल्या. तळहाताएवढा उजेड दिसला, आणि त्यात बायकोचा अर्धा चेहरा.

तेवढ्यात वरून हुकूम आला: आपला ताग शेजाऱ्यापेक्षा कमी आहे, तूट ताबडतोब भरून काढा. ट्रकवर ट्रक लागले. उजेड बुजला.

"नवी मोजणी, नवी तुलना," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज आता बराच लांबून येत होता. आमचा ताग वाढतोय हे कळताच भिंतीपलीकडेही ट्रक थांबल्याचे आवाज आले. झरोक्यातून एक सुस्कारा आला.

मी पुन्हा बेरजेला बसलो. महिनाअखेर कधी उलटली, कळलं नाही. एके दुपारी बायकोची हाक आली. "अहो, नात झाली. लेक घेऊन आलीय. ती म्हणते, तुमच्या आईचं नाव ठेवू का?"

तोंडात पेन्सिल. हातचे नऊ. मी मान डोलावली. मनापासून डोलावली. गासड्यांना काय त्याचं?

"अहो?"

"बोला की," झरोक्यातून शेजारी कुजबुजला. "हातचे मी धरतो. किती आहेत?"

हातचे सांगितले असते तर आकड्याचा माग लागला असता. मी पेन्सिल थुंकली. "ठेव," ओरडलो, "तेच ठेव."

नऊ गेले ते गेले. बेरीज पहिल्या ओळीपासून, म्हणून अजून इथंच आहे. नात आता चालते. दुपारी गासड्यांवर तिची पावलं वाजतात, नेमकी माझ्या डोक्यावर. मी ती मोजत नाही.