काचेच्या तळावरची गोगलगाय

साहेब, आमची वाळू तुम्ही काढायला लावलीत. हात टाकीवाल्याने घातला, पण हुकूम तुमचा होता. आता छताकडे बघू नका.

मित्रांनो, मनातलं आधी बोलून घेतलं, आता सांगते मी कोण. मी खाऱ्या पाण्याच्या टाकीतली म्हातारी गोगलगाय. माझा शंख बोटाच्या पेराएवढा. एका कचेरीच्या बाहेरच्या खोलीत, जिथे लोक आत बोलावण्याची वाट बघत ताटकळतात, तिथे ही टाकी आहे. मी मूळची समुद्राच्या उथळ वाळूतली. कुणीतरी जाळीने उचललं, पिशवीत भरलं आणि टाकीवाल्याने इथे आणून सोडलं. आम्ही पाचजणी होतो.

आमचा संसार वाळूच्या आत. वर फक्त सोंडेसारखी एक नळी काढायची, तिने पाणी आत ओढायचं आणि वास घ्यायचा. मला दिसतं जेमतेम. जग कळतं ते वासावर. माशाच्या तोंडून कोळंबीचा तुकडा निसटला, की वाळू फोडून वर यायचं, तो कुजायच्या आत संपवायचा आणि पुन्हा खाली जायचं. दगडामागे एखादा मासा मेला, तर त्याचंही आम्हीच बघायचं. आमच्या जाण्यायेण्याने वाळू हलती राहायची, घट्ट बसून सडायची नाही. नाव घेण्यासारखं काम नाही, पण कुणी केलं नाही तर पाणी नासतं.

वर्षानुवर्षं केलं. कौतुकही झालं, पण माशांचं. "पाणी काय सुंदर ठेवलंय," लोक म्हणायचे आणि पिवळ्या माशाकडे बघायचे. काउंटरवरची ताई तेवढी आम्हाला ओळखायची. दाणे टाकताना म्हणायची, "या गं बायांनो, पानं वाढलीत." आम्ही पाचही जणी डोकं वर काढायचो. तिला हसू यायचं.

मग एक दिवस साहेब टाकीपाशी थांबले. टाकीवाला काच पुसत होता.

"ते सफाईवाले आणले होतेस ना? कुठे गेले?"

"वाळूत आहेत, साहेब."

"तिथे काय करतात?"

"काम करतात."

"मला तर कधी दिसलं नाही. लोळत पडून फुकट खातात, असं सरळ सांग की. आपल्याकडे हे चालायचं नाही. वाळू काढ. मोकळ्या काचेवर आले की लागतील कामाला."

"साहेब, ते घर आहे त्यांचं."

"अरे, शंख आहे ना घराला? एकेकाला दोन दोन घरं कशाला?"

साहेब स्वतःच हसले. ताई हसली नाही. टाकीवाल्याने मान खाली घातली आणि वाळू उपसली. त्यालाही पोट आहे. मी त्याला बोल लावत नाही.

टाकीत एक खेकडा आहे. साहेबांच्या मेहुणीने हौसेने आणलेला. हा दुसऱ्यांच्या शंखात शिरून राहतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. वाळू होती तोवर आम्ही त्याच्या हाती लागत नव्हतो. वाळू गेली आणि आम्ही उघड्यावर आलो. काचेत कुठे शिरणार? किती घासलं अंग. त्याने एकेकीला गाठलं, नांगीने ओढून काढलं, खाल्लं. शंख अंगात घालून बघायचा, आखूड झाला तर टाकून द्यायचा, जसे दुकानात कपडे घालून बघतात. चौघी गेल्या.

चौथीचा शंख त्याला बसला. तो घालून तो टाकीभर हिंडू लागला. त्याच सुमारास साहेब पुन्हा आले.

"बघा, आता कशी फिरतेय. भर दिवसा, सगळ्यांसमोर. वाळूनेच आळशी केलं होतं."

ताई म्हणाली, "साहेब, ती गोगलगाय नाही. तिच्या शंखात खेकडा आहे. पाय बघा ना त्याचे."

"पाय असेनात का. काम दिसतंय ना?"

माझ्यावरून तो शंख गेला तेव्हा वरून माझ्या सोबतिणीचा वास आला आणि आतून त्याचा. मला आता फार काही वाटेनासं झालंय. नुसता थकवा आहे.

मित्रांनो, कधी आमच्यासारखीला घरी आणलंत, तर आधी वाळू घाला, चांगली बोटभर खोल. आणि आम्ही दिसलो नाही तर पाणी बघा. ते सांगेल आम्ही काय करतो ते.

आता तुमच्याशी, साहेब. पाण्याला वास यायला लागलाय. ताईने वाळू धुऊन टाकीखालच्या कपाटात ठेवली आहे. काल तिने विचारलं, "परत घालू का?" तुम्ही फोनवर होतात. हातानेच थांब म्हणालात. ती थांबली आहे. खेकडा थांबलेला नाही. चौथीचा शंखही त्याला आता आवळतोय, आणि या टाकीत सगळ्यांत मोठा शंख माझा आहे.

ताई पुन्हा तुमच्या दाराशी उभी आहे. वाळू घालायची की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण हात हलवू नका, साहेब. तोंडाने सांगा.