डाव्या हाताची कात्री

कारखान्याच्या दारात माणसावर माणूस चढला होता. "दादा आला! वहिनीच्या अंगात दादा आला!" इस्त्रीवाला ओरडत होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या शिवणकारखान्याचा मुख्य कटर. तो गेल्यावर कापायच्या टेबलाशी वहिनी उभी राहिली. दादा डावखुरा. त्याची डाव्या हाताची कात्री टेबलाजवळ खिळ्याला तशीच टांगलेली होती. तिला कुणी हात लावत नसे.

आज ती कात्री वहिनीच्या डाव्या हातात होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबलेला. कात्री टेबलावर आपटत ती नुसती घरघरत होती आणि माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून माझा पिच्छा सोडत नाही. असं तिसऱ्यांदा होत होतं, आणि दर वेळी डावाच हात. भूतबीत न मानणारी मी, पण माझ्याही अंगावर काटा आला.

भुतं उतरवणारे फुंकरबाबा आले. त्यांनी टेबलावर दिवा लावला आणि वहिनीच्या तोंडाशी कान नेला. "म्हणतोय, माझं कापड द्या. काळं सुटिंग, अख्खा तागा!"

"मेल्यावर कुणाच्या लग्नाला निघालाय?" काजं करणारी मावशी पुटपुटली.

"गप गं! ऐकेल तो!" इस्त्रीवाला म्हणाला.

शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आलेल्या डॉक्टरीणबाई कच्चे टाके घातलेल्या कोटासकट गर्दीत घुसल्या. "वहिनी, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा." अर्धंच तोंड हललं. उजवा हात उठलाच नाही.

"गाडी बोलवा. लगेच!"

"वाटेत मान मुरगाळेल तो!" बाबा गरजले. "मी दिवा फुंकला की जाईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. घरची मीच होते. "बोलवा गाडी," मी म्हणाले.

गाडी यायच्या आत बाबांनी फूऽऽ करून दिवा विझवला. वहिनीचं तोंड सरळ होऊ लागलं. "गेला! गेला!" गर्दी ओरडली. "आता कशाला दवाखाना?"

"वन्सं," वहिनी जड जिभेनं म्हणाली, "कोण गेला? इथं मीच होते. सगळं ऐकत होते. दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या, म्हणून ओरडत होते. मागच्या दोन्ही वेळीही. नंतर सांगायला गेले, तर कुणी ऐकूनच घेतलं नाही."

"मग दादाची कात्री?"

"उजवा हात हलेना. टेबल वाजवायला डाव्या हाताला जे लागलं ते घेतलं."



"मग काळा तागा कोण मागत होतं हो, बाबा?" मावशीनं विचारलं.

"आत्मा तिच्या तोंडून खोटं वदवतोय!"

"मी बघत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या उजव्या हाताची बोटं आधी हलली, मग तुम्ही फुंकर मारलीत. ती सावरेपर्यंत तुम्ही नुसते पुटपुटत होता." मग त्या आमच्याकडे वळल्या. "बहुतेक मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि परत सुरू झालं. साखर उतरली, फिट आली, तरी असं दिसू शकतं. नक्की काय ते तपासल्यावर कळेल. पण पुढच्या वेळी रक्त अडलेलंच राहिलं तर हात जाईल, नाहीतर जीव."

इस्त्रीवाल्यानंच वहिनीला धरून गाडीत बसवलं. तपासणीत कळलं, तिच्या मानेतली रक्ताची नळी आतून जवळजवळ बुजली होती. वेळेवर उपचार झाले. आज ती उजव्या हातानं कापते.

वाचणाऱ्यांनो, एकाएकी तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे अंधार आला, तर ते सुरू झाल्याची वेळ बघून ठेवा, तोंडात पाणीसुद्धा घालू नका आणि तडक दवाखाना गाठा. वाटेत सगळं ठीक झालं तरी गाडी माघारी वळवू नका. अंगात कोण आलंय हे विचारत बसू नका. आत आपलंच माणूस असतं, आणि ते आपल्याला हाक मारत असतं.