वजा एक फूट

ऐकताय ना? मी पाच मीटरची पोलादी मोजपट्टी बोलतेय. पिवळं अंग, त्यावर फूट-इंचांच्या काळ्या रेघा, आणि मुक्काम एका इस्टेट एजंटच्या उजव्या खिशात. एक ना दोन, बारा वर्षं मी तिथे काढली. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहिणींपैकी कुणी माझ्याइतकी घरं पाहिली असतील, असं वाटत नाही.

माणसं घर बघायला आली की मला मोठी गंमत वाटते. नवरे उगाच भिंतीवर टकटक करतात, बायका नळ सोडून बघतात. "छान आहे, छान आहे" म्हणणारा पुन्हा फिरकत नाही. ज्याला घर मनापासून आवडतं तो खोलीच्या मधोमध गप्प उभा राहतो. अशा वेळी आमचे साहेब तोंडाला कुलूप लावून जिन्यात जाऊन थांबतात.

माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. चौथ्या वर्षी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत मी लोखंडी दारात चेंगरले. पुढचा फूटभर भाग असा मुरगळला, की साहेबांनी तो कापूनच टाकला. तेव्हापासून मी शून्याऐवजी एकापासून सुरू होते. साहेब आकडा वाचायचे, मोठ्याने "वजा एक" म्हणायचे आणि मग वहीत लिहायचे. त्यांची बायको ऑफिसातले कागद बघते. नवी पट्टी घ्या म्हणून ती कानीकपाळी ओरडली, पण साहेब ढिम्म.

मागच्या वर्षी पडदे शिवणाऱ्या एक ताई आल्या. त्यांची भाड्याची इमारत पाडून तिथे टॉवर उठणार होता आणि महिनाअखेर जागा सोडायची होती. त्यांची अट एकच. "कापड बेतायचं टेबल दहा फुटांचं आहे, अखंड फळीचं. ते मावलं नाही तर मी पडदे कापू कुठे?"

साहेबांनी एक फ्लॅट दाखवला. त्यांच्या एका हातात मी आणि दुसऱ्या हातात पेपर. घरं आता मोबाइलवरच विकली जाणार, छोट्या एजंटांचे दिवस भरले, असं त्यात छापून आलं होतं. साहेबांचा पारा चढलेला. "मोबाइल येणार आहे का भिंत मोजायला?" असं ताईंना विचारत त्यांनी मला ताणलं, आकडा वाचला आणि लिहिला. साडेदहा. वजा करायचं राहूनच गेलं. मी आतल्या आत तडफडले, पण माणसांपुढे माझं तोंड बंद. ताईंनी त्या आकड्याच्या भरवशावर शेजारच्या गल्लीत बघून ठेवलेली दुसरी जागा सोडून दिली.

कराराच्या आदल्या दिवशी दुपारी बायको कागद लिहीत होती. "अहो, मालकाच्या नकाशात ही भिंत साडेनऊ आहे आणि तुमच्या वहीत साडेदहा. रातोरात वाढली की काय?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला खिशातून काढलं आणि माझ्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता सांगणार कोण?"

"मीच. आत्ताच जातो."

ताई कापड कापत होत्या. साहेब उभ्या उभ्याच बोलले. "ताई, माझी चूक झाली. ही पट्टी एक फूट जास्त दाखवते, तो वजा करायचा राहिला. भिंत साडेनऊच आहे. टेबल मावणार नाही."

कात्री थांबली. "आणि ती दुसरी जागा?"

"येताना फोन केला. ती गेली."

ताईंनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अठरा दिवस राहिलेत, भाऊ."

"मी शोधतो."

त्यानंतर साहेबांनी पेपर उघडला नाही. सकाळपासून ते आणि मी, जिने चढायचे आणि उतरायचे. अकरा दिवसांत एकवीस खोल्या, आणि प्रत्येक भिंत दोनदा. बाराव्या दिवशी एका निवृत्त ड्रायव्हरच्या तळमजल्यावर हवी तशी खोली निघाली. पण त्याला शिलाई मशीनची घरघर नको होती. साहेबांनी वाद घातला नाही. त्याला ताईंकडे नेलं, चालू मशीनशेजारी खुर्ची दिली आणि म्हणाले, तुम्हीच ऐका. दहा मिनिटांत गड्याचा डोळा लागला. उठल्यावर त्याने मुकाट्याने होकार दिला.

टेबल चौघांनी आत नेलं. दोन्ही टोकांना बोटभर जागा उरली. ताईंनी लगेच त्यावर कापड पसरलं, आणि मला झालेला आनंद काय सांगू.

हल्ली मी ताईंच्या पिशवीत असते आणि भिंतींऐवजी खिडक्या मोजते. मजेत आहे. झालं असं, की साहेबांनी नवी पट्टी घेतली आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं. आठवड्याने ताई ऑफिसात आल्या आणि त्यांनी खिडक्यांसाठी पट्टी मागितली. साहेबांनी नवी पुढे केली.

"नको. ती जुनीच द्या. ती किती खोटं बोलते ते मला पक्कं ठाऊक आहे."

साहेब खाली मान घालून हसले. ताईंनी मला पिशवीत ठेवलं आणि दारातून वळून म्हणाल्या, "माझी बहीण उद्या येईल, भाऊ. तिलाही घर हवंय. मोजायला तुम्हीच चला."