आईचा फोटो कोणी धरायचा

"माझा फोटो तूच धरायचास. आणि मला बंदरावरच्या शेडवरून न्यायचं, मगच जाळायचं."

आई हे दवाखान्यातल्या खाटेवर बोलली, तोंडात संत्र्याची फोड असताना. मी "हो" म्हटलं. मी खोटं बोलत नाही. तेवीस वर्षं रोज पहाटे बुद्धापुढे एकशे आठ वेळा माथा टेकते, आणि त्याआधी जी पाच वचनं म्हणते त्यांतलंच ते एक. आवाज चढवायचा नाही, हे मी माझ्या पदरचं घातलेलं. लिहिण्याबद्दल मात्र कुठल्याही व्रतात काही सांगितलेलं नाही.

आई मंगळवारी सकाळी गेली. दुपारी आम्ही कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या थोंगयोंग गावातल्या अंत्यविधी भवनात होतो, दुसऱ्या मजल्यावर, तीन नंबरच्या खोलीत. तिथले व्यवस्थापक श्री. बान कागद घेऊन आले.

"मुख्य शोककर्ते कोण?"

"मी."

"तसं नाही हो, बाई. पुरुष कोण?"

"मी एकटीच आहे. वडील नाहीत, भाऊ नाही, लग्न केलं नाही."

बान यांचं पेन हवेत राहिलं. "मग पुतण्या वगैरे?"

"मी केलं तर कायद्यात बसत नाही का?"

"कायद्यात कशाला काय असेल? बसतं. पण दिसतं कसं ते बघावं लागतं ना."

दिसतं कसं! सात वर्षं आईला कुशीवर वळवताना मी कशी दिसत होते, ते बघायला यांच्यातलं कोणी आलं नव्हतं.

माझं नाव पिल-नाम. त्याचा अर्थ 'मुलगा हवाच'. आजोबांनी ठेवलं. अठ्ठावन्न वर्षं मी दुसऱ्याची ही मागणी अंगावर वागवते आहे.

संध्याकाळी थोरले काका आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा तोक-सू. तोक-सू पन्नाशीचा, देगूला गाड्यांच्या काचा बसवतो. अकरा वर्षांपूर्वी एकदा आला होता आणि जाताना आईने फोडलेल्या कालवांचे दोन डबे घेऊन गेला होता. बान यांनी त्याच्या दंडाला दोन काळ्या रेघांची पट्टी बांधली. झाला मुख्य शोककर्ता. पट्टी बांधायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"ताई," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकूचं नाव काय गं? बाहेरच्या फलकावर घालायला विचारतायत."

"ओक-बुन."

"ओक... जाऊ दे, तूच सांग त्यांना."

मी काकांकडे गेले. "काका, फोटो मी धरीन असं आईला सांगितलंय. आणि गाडी शेडवरून न्यायची आहे."

काका हसले, लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. "अगं पोरी, मरणाऱ्याला माणूस काय वाटेल ते सांगतं. फोटो बाईच्या हातात बघून लोक काय म्हणतील? या घराण्यातले पुरुष संपले?"

"संपलेच की," पलीकडून चोम-सुन मावशी म्हणाली. आई आणि ती चाळीस वर्षं शेडमध्ये एका बाकावर बसून कालवं फोडायच्या. मांसाच्या लालभडक रश्श्याच्या वाडग्यातून तिने मानही वर केली नाही. "उरलेसुरले ते पट्टीत गुंडाळून उभे केलेत."

"तुम्ही यात बोलू नका, वहिनी. तुम्ही घरच्या नाही."

"खरंय. घरचे अकरा वर्षांनी येतात."

काका माझ्याकडे वळले. "तू आत रश्श्याचं बघ. पाहुणे उपाशी जाता कामा नयेत."

आणि मी "बरं" म्हटलं. काकांना काय नावं ठेवायची ती पुढे ठेवीनच, पण पहिलं नाव या 'बरं'ला. आईला 'हो', काकांना 'बरं'. दोन्ही खरी कशी होणार, याचा विचारही न करता मी वाडग्यांत भात वाढायला गेले.

दोन दिवस तोक-सूने शोक केला. पाहुणा आला की वाकायचं, गेला की सोजू दारूची बाटली उघडायची, आणि मधल्या वेळात फोनवर पत्ते. बुधवारी दुपारी तो भिंतीला टेकून म्हणाला, "ताई, आणखी किती वेळा वाकायचं? गुडघे गेले माझे."

"पाहुणे येतील तितक्या वेळा."

"तुला बरं आहे, तुला आत बसायचंय."

त्या दिवशी पहाटे मी बाटल्यांच्या खोक्यांमागे माझे एकशे आठ पुरे केले होते. आमच्या घराण्यातल्या सगळ्या पुरुषांचं आयुष्यभराचं वाकणं एकत्र केलं तरी माझा एक महिना भरणार नाही. पण पितरांना म्हणे तेच पोचतं, माझं नाही. पितरांची मला खरंच कीव येते.

गुरुवारी सकाळी आठला निघायचं होतं. रीत अशी, की पुढे फोटो, त्यामागे शवपेटी, त्यामागे आम्ही. पेटी खाली दारात आणली होती. आम्ही गाडीपाशी उभे होतो. सिगारेट ओढायला गेलेला तोक-सू परस्पर वर जाऊन फोटो घेऊन जिन्याने उतरला. पांढरे हातमोजे, खाली घातलेली मान, एकेक पायरी मोजून. फार सुरेख उतरला. काकांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"बघ, पिल-नाम. याला म्हणतात निरोप. हे पुरुषालाच शोभतं."

चोम-सुन मावशीने डोळे बारीक केले. "ही बाई कोण?"

फोटो आईचा नव्हता.

शेजारच्या चार नंबरच्या खोलीतही एका आजीचाच विधी होता. तिथेही फोटोभोवती आमच्यासारखीच पांढरी शेवंती होती. गावातला स्टुडिओ एकच, आणि तो फोटोत सगळ्या म्हाताऱ्यांना सणाचा तोच गुलाबी पोशाख, हानबोक, चिकटवतो. आखूड कुरळे केस तर इथे प्रत्येकीचे. पण आईच्या हनुवटीवर कालवाच्या शिंपल्याने पडलेला वण होता, बोटभर लांब. फोटोखाली नाव होतं. ज्याला तोंड ओळखता येत नाही त्याने निदान नाव वाचावं, पण नाव तर त्याने विचारून लगेच विसरून टाकलं होतं.

तेवढ्यात वरून हाक आली, "आमची आजी कुठे गेली?" आणि चार नंबरच्या बायका अनवाणी जिना उतरत आल्या.

"सारख्याच दिसतात हो सगळ्या," काका म्हणाले. "पोरगं दमलंय."

"कशाने? पत्त्यांनी?" मावशी म्हणाली.

"ताई, ओरडू नकोस हं," तोक-सू म्हणाला.

मी तोंड उघडलं नव्हतं. मी जिना चढून तीन नंबरमध्ये गेले. आई शेवंतीत एकटीच होती, हनुवटीवरच्या वणासकट. मी पूर्ण खाली वाकले, घाई न करता, आणि फोटो उचलला.

खाली काका आडवे आले. "दे त्याच्याकडे."

"देते, काका. आधी त्याला विचारा, या दोघींतली त्याची काकू कोणती."

तोक-सूने आपल्या हातातल्या फोटोकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या. मग पुन्हा आपल्या. चार नंबरच्या एका बाईने त्याच्या हातातून आपली आजी हिसकावून घेतली, तेव्हा कुठे त्याला उत्तर सुचलं. "ती," तो माझ्या हातातल्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाला.

कोणी हसलं नाही. मावशीसुद्धा नाही.

बान पुढे झाले. त्यांनी तोक-सूचे हातमोजे उतरवून घेतले आणि माझ्यापुढे धरले. पट्टीही सोडू लागले.

"पट्टी राहू दे त्याला," मी म्हटलं. "दोन दिवस मिरवलीय. मला फोटो पुरे."

मोजे मला सैल होते. तरी घातले.

"पिल-नाम," काका मागून म्हणाले, "लोक बघतायत."

"हो, काका."

बघतच होते. भवनाच्या दारात रश्श्याचे वाडगे घासणाऱ्या बायका ओले हात घेऊन उभ्या होत्या. गाडीच्या ड्रायव्हरने खिडकी खाली केली. "सरळ दाहिनीवर ना?"

"नाही. आधी बंदर. कालवांच्या शेडपाशी थांबायचं."

"उशीर होईल!" हे काका.

मी आवाज चढवला नाही. आईचं तोंड पुढे करून तिला छातीशी धरलं आणि पेटीच्या पुढे चालू लागले.