बेलोऱ्याचं विमान

वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी-पांढरी कापडी नळी क्षणभर ताठ झाली, मग एकदम गळून खांबाला चिकटली, आणि मायाला उगाचच वाटून गेलं, आता विमान उतरणार नाही... पण ते उतरलं. दोन पंख्यांचं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या त्या उघड्या माळावर त्याचा आवाज मात्र मोठा आला आणि शेजारी उभे असलेले पुंजाजी, तिचे धाकटे दीर, कानावर हात ठेवून लहान मुलासारखे हसले.

"आलं वं वैनी! पावणेदोन घंट्यात मुंबईहून! अन् आपल्या अकोल्याच्या धावपट्टीवर नुसतं गवत उगून राहिलं."

एस.टी.त ड्रायव्हर होते ते. आज सकाळी स्वतःची जुनी गाडी काढून तिला अकोल्याहून घेऊन आले होते. संध्याकाळी घरी देवमनचं पुण्यानुमोदन होतं – तिच्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली – आणि नागसेन, एकुलता मुलगा, या विमानाने येणार होता. सरकारी कंपनीचं विमान पुन्हा लहान गावांकडे वळलं, अमरावतीला येऊ लागलं, ही बातमी तिने पेपरात वाचली तेव्हा तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. कुणाला कळलं नसतं, का ते. विमान असतं तर मी पोचलो असतो, आई – बापाची राख गार झाल्यावर तिसऱ्या दिवशी दारात उभा राहून नागसेन म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर ती तीन वर्षं जगली होती. मुलगा वाईट नाही, अंतर वाईट आहे. किती सोपं होतं ते. रागवायचं तर नकाशावर रागवायचं.

माणसं बाहेर येऊ लागली. सुटातला एक, मग एक बाई, तिच्या कडेवर झोपलेलं पोर, मग कॉलेजच्या मुली, मग एक म्हातारा, ज्याला न्यायला सगळं घर आलेलं आणि गळ्यात झेंडूचा हार... प्रत्येक उंच माणसात तिला नागसेनचे खांदे दिसत, जवळ आले की दुसऱ्याचे होत. मग दार नुसतंच उघडत-मिटत राहिलं. आतून झाडू घेतलेली बाई आली.

फोन तिनेच लावला.

"अगं आई, मी करणारच होतो तुला. सकाळी अचानक मीटिंग निघाली, निघताच आलं नाही."

"म्हणजे तू घरीच आहेस?"

"ऑफिसात. वाईट वाटून घेऊ नकोस ना. आता काय, विमान आहेच. आता कधीही येता येईल."

कधीही. तिने शब्द ऐकला आणि हो म्हटलं. जेवलास का, असंही विचारलं. मग फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि तिला जाणवलं, पायाखालचं काहीतरी हळूच काढून घेतलं गेलंय.

परतीच्या वाटेवर बडनेरा मागे पडलं. काळी रानं, कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, मूर्तिजापूरकडे जाणारे ट्रक. मग समोर बघतच पुंजाजी म्हणाले, "त्या दिशी बी..." आणि थांबले.

"काय भाऊजी?"

"काई नाई."

त्या दिवशीही. देवमन सकाळी गेला होता, आंघोळीला निघालेला, खांद्यावर टॉवेल. फोन मीच केला होता, नागसेनने लगेच उचललाही होता. त्या दिवशी संध्याकाळपासून मुंबईहून अकोल्याकडे गाड्यांवर गाड्या होत्या, मी स्वतः किती वेळा आलेय त्यांनी, दाराशी पेपर पसरून, रात्रभर उकिडवी बसून... रिझर्व्हेशन नसलं तर नसलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी देवमनला ठेवलं, लोक म्हणत होते आता उचला, मी म्हणत होते, येतोय तो. गाड्या येत होत्या. घर स्टेशनजवळ आहे, एकूणएक गाडीची शिट्टी ऐकू येते. मी ऐकत होते. मग तीन वर्षं मी हे कधी मनात येऊ का दिलं नाही? की आलं होतं आणि...

"वैनी, पानी पेता का?"

"नको."

अकोल्याला पोचले तेव्हा अंगणात पांढरी चादर अंथरलेली होती. भन्तेजी यायचे होते. सासूबाई, केशरबाई, बाजेवर पाय सोडून बसल्या होत्या. नजर अधू झालेली, तरी गाडीच्या दाराच्या आवाजावर चेहरा वळला.

"आला का वं माहा नातू?"

माया पुंजाजींकडे बघत नव्हती. "विमानच आलं नाही, आत्याबाई. रद्द झालं."

पुंजाजी चपला काढत होते. त्यांची एक चप्पल हातातच राहिली. मग ते म्हणाले, "हो. लय लोक वापस गेले."

"मंग काय करते बिचारा," केशरबाई म्हणाल्या, इतक्या झटकन, जणू वाक्य तयारच होतं. हात लांबवून त्यांनी मायाचं मनगट चाचपलं, धरलं. "तू काई जेवली नसशीन. जा, खीर बुडाले लागली का पाह्य."

त्यांनी पुढचं विमान कधी, हे विचारलं नाही. एकदाही नाही. माया उभीच राहिली. म्हातारीचा अंगठा मनगटावरून फिरत होता, आजारी माणसाच्या अंगावर फिरवतात तसा, आणि तिला कळलं, हे घर त्या दिवसापासूनच जाणतं. पुंजाजी, आत्याबाई, कदाचित खिडकीतून बघणारी शेजारीणसुद्धा. विमान असतं तर, हे वाक्य नागसेन एकदाच बोलला होता. त्यानंतर ते सगळ्यांनी मिळून सांभाळलं, माझ्यापुढे कुणी खोडलं नाही.

स्वयंपाकघरात खीर खरंच तळाला लागत होती. तिने पळी फिरवली. खरवडलेलं वर येऊ नये म्हणून अलगद. बाहेर लोक जमू लागले होते, कुणीतरी देवमनच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावत होतं. आज ना उद्या येईल, असं ती मनात म्हणून पाहू लागली... शब्द आले, पण त्यांच्या मागे काही आलं नाही. रागही नाही. रडू तरी येईल म्हणून ती थोडी थांबली.

बाहेरून हाक आली. तिने गॅस बंद केला, आणि कुणाची तरी आई असल्याची जी सवय अंगाला लागली होती ती कुठे ठेवावी हे न कळून, पळी हातात तशीच धरून, उभी राहिली.