हिंगाच्या वाटीतला मासा

मित्रांनो, मी मिसळणाचा डबा आहे. जुना, गोल, स्टीलचा. पोटात सात वाट्या आणि झाकणावर एक पोचा, ज्याबद्दल मी बोलत नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की फार आवाज झाला. सुरेखाच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या हवाली केलं आणि मी तिच्याबरोबर जपानला, निशी-कसाईला आलो. नऊ वर्षं फोडणीच्या सेवेत काढली. पाहुणे आमटीचं कौतुक करायचे, नाव सुरेखाचं व्हायचं. माझी तक्रार नव्हती.

मग घरात काचेच्या बरण्या आल्या आणि माझी बदली न जळणाऱ्या कचऱ्यात झाली. इथे त्या कचऱ्याचा दिवस ठरलेला असतो. त्यामुळे आपला शेवट आपल्याला कॅलेंडरवर आधीच वाचता येतो.

त्याच आठवड्यात सुरेखाचे सासरे, सदानंद, तीन महिन्यांसाठी आले. ते रेवसचे. खाडीत गळ टाकून त्यांनी जन्मभर जिताडे काढले. पहिल्याच दिवशी ते मुलाला म्हणाले, "अंब्या, जायच्या आधी तू पकडलेला एक मासा खाईन म्हणतो. लहानपणी तू नुसत्या चपला पकडायचास."

अंबरीषने हे मनावर घेतलं. रॉड आणला, गळाला लावायला प्लास्टिकचे खोटे मासे आणले आणि ते ठेवायला मला कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर काढलं.

"बाबा जाईपर्यंतच हं," सुरेखा म्हणाली. "मग हा डबा जाणार."

वसंतात इथल्या किनाऱ्यालगत सुझुकी नावाचा मासा येतो. हो, हेच नाव. दिसायला आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ. दर शनिवारी पहाटे बापलेक मला घेऊन नदीच्या मुखाशी जायचे. ओहोटीला शेजारी लोक शिंपल्या उकरायचे आणि बादल्या भरून घरी न्यायचे. अंबरीषला अकरा शनिवारांत एक छत्री मिळाली, एक हातमोजा मिळाला आणि पुढच्या खेपेला त्याचा जोडीदार. मासा नाही.

बारावा शनिवार शेवटचा होता. रविवारी सकाळी सहाला सदानंदांना विमानतळासाठी निघायचं होतं. अंबरीषचे हात घाईला आले. एकेक खोटा मासा दगडांत अडकून तुटला आणि माझ्या वाट्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी हिंगाची वाटी उरली. तिच्यातल्या माशाला अंबरीषने कधी हात लावला नव्हता. नऊ वर्षांचा हिंग धुऊन जात नाही.

"हा नको, बाबा. मासे पळतील."

"आत्ता काय, रांग लागलीय?" सदानंद म्हणाले.

अंबरीषने तो टाकला. तिसऱ्या फेकीला रॉड वाकला. मित्रांनो, शास्त्र याबद्दल काय म्हणतं मला माहीत नाही. मी फक्त एवढंच सांगतो, की वास माझा होता.

पासष्ट सेंटिमीटरचा सुझुकी दगडांवर आला. शेजारी गळ टाकून बसलेल्या ओकुदा-साननी उठून, कमरेत वाकून मासा पाहिला आणि मग माझा वास घेतला. बराच वेळ.

"बाबा, दुपारी कालवण करू," अंबरीष म्हणाला.

सदानंदांनी माशाच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "आज शनिवार आहे रे."

चाळीस वर्षं ते शनिवार पाळत होते. इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मासाच लागत नव्हता.

अंबरीषने रॉड खाली ठेवला. "मग तुम्ही सकाळीच बोलला का नाहीत?"

"लागेल असं वाटलं नव्हतं."

"मग दर शनिवारी पहाटे उठून यायचात कशाला?"

"घरी तू मीटिंगमध्ये असतोस," सदानंद म्हणाले. "इथे निदान शेजारी उभा असतोस."

अंबरीष बराच वेळ माझं झाकण पुसत बसला. ते स्वच्छच होतं. मग म्हणाला, "रात्री बारानंतर रविवार लागतो."

"बाराला घड्याळ बदलतं. वार सूर्योदयाला बदलतो." सदानंदांनी आभाळाकडे पाहिलं. "इथे किती वाजता उगवतो?"

अंबरीषने फोन पाहिला. "चार पन्नासला."

"मग झालं की. बरा देश आहे."

रविवारी पहाटे चारला सुरेखाने काचेच्या बरण्या बाजूला सारल्या. "तो हिंगवाला डबा द्या इकडे," ती म्हणाली. मला घासूनपुसून, मसाले भरून ओट्यावर ठेवलं. कालवण झालं. ताटं वाढली. कोणी हात लावला नाही. समोरच्या इमारतींमुळे घरातून सूर्य दिसत नाही, म्हणून सात वर्षांची नात मिताली स्वेटर घालून दाराबाहेरच्या सामायिक गॅलरीत पहाऱ्याला उभी राहिली. सदानंद भाताचा घास कालवून, तो बोटांत धरून थांबले. अंबरीष त्या घासाकडे बघत होता.

मिताली जपानीत ओरडली. कोणाला भाषांतर लागलं नाही.

सदानंदांनी घास घेतला. डोळे मिटून चावला. "चपलेपेक्षा बरा आहे," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

मित्रांनो, त्या आठवड्यात कचऱ्याचा दिवस आला आणि गेला. मी ओट्यावरच आहे. शनिवारी एक वाटी खोट्या माशांसाठी रिकामी करून अंबरीष मला नदीवर नेतो आणि तिथून बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या झाकणाला टेकवून ठेवतो. तेव्हा घरातली जुनी भांडी टाकण्याआधी एकदा उघडून त्यांचा वास घ्या. आणि वडील बरोबर येतो म्हणाले, तर मासा लागेल की नाही हे विचारू नका. जरा सरकून जागा करा.